स्वप्न लिहावं कसं, सांगावं कुणाला

स्वप्नात लग्न दिसलं की मर्तिक, मर्तिक दिसलं की लग्न, दात पडला की घरातल्या कुणाचं तरी वाईट, साप दिसला की धनलाभ. अशी यादी बहुतेक घरांत एखाद्या आत्याला किंवा मावशीला तोंडपाठ असते. आता ती मोबाइलवरही फिरते. मनाच्या दुखण्यासाठी स्वप्नांवर काम करायचं असेल तर ही यादी आधी बाजूला ठेवावी लागते, कारण तिच्यात स्वप्न पाहणारा माणूसच नसतो.

तुकोबांचा गुरूपदेशाचा अभंग आठवा. बाबाजींनी स्वप्नात मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच अभंगात गुरू जेवायला पावशेर तूप मागतात आणि ते द्यायचं स्वप्नातच विसरून जातं. एवढ्या मोठ्या प्रसंगात पावशेर तूप कुठून आलं? यादी म्हणेल, तूप म्हणजे समृद्धी. पण हे तूप देहूच्या अशा वाण्याच्या स्वप्नातलं आहे, ज्याचा व्यवसाय बुडाला होता आणि ज्याची पहिली बायको दुष्काळात ‘अन्न अन्न’ करत गेली होती. कृपा झाली पण सेवा काही घडली नाही, ही रुखरुख अभंगाच्या सुरुवातीलाच आहे. त्या तुपाशी आणखी काय काय जोडलेलं होतं हे फक्त तुकोबाच सांगू शकले असते, आणि तेही कुणी शांतपणे विचारलं असतं तर. स्वप्नांवरचं सगळं काम या विचारण्यातच आहे.

ही थेरपी नेमकी कोणती

आज शहरांत सर्वांत सहज मिळते ती विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी थेरपी. तिच्यात ठरावीक सेशन असतात, गृहपाठ असतो, आणि चिंता किंवा भीतीसाठी तिचा चांगला उपयोग होतो. खोलात जाणारी थेरपी वेगळ्या जागी हात घालते. आपण पुन्हा पुन्हा त्याच प्रकारच्या माणसात का अडकतो, बढती मिळाली की आजारी का पडतो, आईशी फोनवर दोन मिनिटं बोललं की दिवसभर डोकं का दुखतं, असे प्रश्न घेऊन माणूस तिथे जातो. आपल्याला नकळत मनात चाललेलं, म्हणजे नेणिवेतलं, हळूहळू बोलण्यात यावं हा तिचा हेतू असतो. स्वप्न हा त्यातला एक रस्ता आहे.

या रस्त्याचे दोन जुने वाटाडे म्हणजे व्हिएन्नाचा सिग्मंड फ्रॉइड आणि झुरिकचा कार्ल युंग. फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९च्या नोव्हेंबरात आला, त्यावर साल मात्र १९०० छापलं होतं. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली. त्याच्या मते स्वप्न दडपलेल्या इच्छेवर पांघरूण घालतं. युंगचं म्हणणं उलट होतं: स्वप्न काही लपवत नाही, जागेपणी आपण ज्या बाजूकडे पाठ फिरवतो तीच ते पुढे आणतं. १९३७-३८च्या हिवाळ्यात युंग भारतात आला होता. कोलकात्यात आमांशानं त्याला रुग्णालयात पडून राहावं लागलं. त्यातून उठल्यावर त्याला पडलेल्या स्वप्नात भारत नव्हताच. त्यात इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचं एक बेट होतं आणि युरोपच्या दंतकथेतला पवित्र प्याला शोधायला त्याला थंड पाण्यातून पोहत जायचं होतं. तू तुझ्या घरचं काम विसरतो आहेस, असा अर्थ त्यानं त्यातून घेतला.

फ्रॉइडनं सुरू केलेलं हे नेणिवेवरचं काम, म्हणजे मनोविश्लेषण, भारतात नवं आहे असंही समजू नका. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि त्यात ते त्याच्याशी मतभेदही मोकळेपणानं मांडत.

स्वप्नांची वही उघडण्याआधी

काही स्वप्नांचं मूळ मनापेक्षा औषधाच्या पाकिटात असतं. रक्तदाबासाठी किंवा छातीच्या धडधडीसाठी दिलं जाणारं प्रोप्रानोलॉल, नैराश्यावरची काही औषधं, दमा-अ‍ॅलर्जीसाठीचं माँटेल्युकास्ट यांनी स्वप्नं भडक होऊ शकतात. रोजची दारू किंवा गांजा एकदम सोडला तरी काही आठवडे स्वप्नांचा पूर येतो. औषध नवीन सुरू झालं असेल आणि स्वप्नंही तेव्हापासूनच बदलली असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळी मनानं बंद करू नका.

पन्नाशीनंतर कुणी झोपेत हातवारे करू लागलं, लाथा झाडू लागलं, स्वप्नातली मारामारी अंथरुणात करू लागलं, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. यामागे कधी कधी पार्किन्सन्ससारख्या आजाराची फार आधीची सुरुवात असते. जाग आली पण अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय, हा अनुभव वेगळा आहे. स्वप्नाच्या झोपेत स्नायू ढिले पडलेले असतात, ते सैलपण जाग आल्यावरही क्षणभर टिकतं. त्यासाठी देवऋषी नको आणि अर्थ लावणाराही नको. झोपेच्या वेळा नियमित करा, उताणं झोपणं टाळून पाहा.

कानात आवाज येत असतील, स्वप्न कुठलं आणि खरं कुठलं यात गल्लत होत असेल, किंवा जीव नकोसा झाला असेल, तर वही मिटून ठेवा आणि माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते.

पायरी पहिली: स्वप्न हातात येणं

‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पडतात, पण टिकत नाहीत. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी झोपेतली एक अवस्था नोंदवली, जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. या अवस्थेत जागं केलं तर बहुतेक माणसं स्वप्न सांगतात. साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांत ती येते, आणि रात्र सरत जाते तशी प्रत्येक खेपेला लांबते. सर्वांत लांब स्वप्नं पहाटे पडतात आणि लगेच जाग आल्यामुळे लक्षातही राहतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं, या समजुतीला हा आधार पुरला असावा.

म्हणून पाच तास झोपणाऱ्याच्या हाती स्वप्न लागणं कठीण. त्यानं ज्या झोपेवर कात्री लावलेली असते, तिच्यातच स्वप्नं जास्त असतात. रविवारपासून सुरुवात करा, किंवा गजराशिवाय उठता येईल अशा कुठल्याही दिवशी. जाग आल्यावर हलू नका, कूस बदलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा आणि शेवटचं चित्र पकडा. त्याच्या शेपटीला धरून मागचं येतं. चित्र नसेल आणि नुसता उदासपणा, शरम किंवा धावपळीचा भाव उरला असेल, तर तेवढाच लिहा. मोबाइल उशाशी असेल तर हे होणार नाही. एक मेसेज वाचला की स्वप्न गेलं.

पायरी दुसरी: लिहिणं

साधी दोनशे पानी वही पुरे. वर तारीख. मग स्वप्न वर्तमानकाळात लिहा: ‘मी जिन्यात उभी होते’ ऐवजी ‘मी जिन्यात उभी आहे’. ज्या बोलीत ऐकू आलं त्याच बोलीत लिहा. आजी मालवणीत बोलली असेल तर तिचं बोलणं पुस्तकी करू नका. विसंगती दुरुस्त करायची नाही. घर सांगलीचं असून खिडकीबाहेर समुद्र असेल तर समुद्रच लिहायचा. शेवटी तीन गोष्टी टिपा: जाग येताना मनात काय होतं, अंगात कुठे काय जाणवत होतं, आणि आदल्या दिवशी काय घडलं. आदल्या दिवसाचे तुकडे स्वप्नात येतातच, पण मोठी घटना सोडून एखादा किरकोळच तुकडा येतो, आणि तो का आला हे बघण्यासारखं असतं.

स्वप्नाला शीर्षक द्या. बातमीच्या मथळ्यासारखं, पटकन सुचेल ते. महिन्यानंतर वही चाळताना सर्वांत जास्त उपयोग याच ओळींचा होतो.

वही ठेवायची कुठे, हा आपल्या घरांत खरा प्रश्न असतो. दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतील तर वही कुणाच्या तरी हाती पडणार, आणि सासूबाई स्वप्नात ज्या रूपात आल्या ते त्यांनी वाचू नये. ऑफिसच्या बॅगेत ठेवा, नावांऐवजी खुणा वापरा, किंवा मोबाइलमध्ये कुलूपबंद आवाज रेकॉर्ड करून नंतर लिहा.

पायरी तिसरी: चित्रापाशी थांबणं

सगळं काम खरं तर इथेच आहे, आणि बहुतेक लोक इथूनच पळतात. स्वप्न लिहून झालं की लगेच ‘म्हणजे याचा अर्थ...’ असं वाक्य सुरू होतं. ते वाक्य आठवडाभर लांबणीवर टाकता आलं तर फार बरं.

एक उदाहरण घेऊ. बाई आणि स्वप्न दोन्ही समजावण्यापुरती रचलेली आहेत. चाळिशीतली ही बाई डोंबिवलीत राहते आणि फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेब पाहते. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि तिला अजून धड रडू आलेलं नाही. झोप उडाली म्हणून डॉक्टरांकडे गेली आणि तिथून थेरपीपर्यंत पोचली. स्वप्न असं:

‘गावचं घर. मी परसात. अण्णा विहिरीच्या काठावर वाकून, दोरीला दगड बांधून पाणी मोजतायत. मी जेवणाचं ताट घेऊन आलेय. चला, जेवून घ्या म्हणते. ते मान वर न करता म्हणतात, अजून मोजून व्हायचंय. आमटी गार होतेय. ताट जड होत चाललंय. खाली ठेवायला जागाच नाही. जाग आली.’

यादीवाले विहिरीवर झडप घालतील, आणि वडील जेवायला आले नाहीत म्हणजे श्राद्धात काही कमी राहिलं का, असा प्रश्न घरातूनच येईल. आपण भावनेपासून सुरुवात करू. काय वाटलं? ‘वाईट वाटलं,’ ती म्हणते. वडील गेलेल्या बाईनं जे म्हणायला हवं तेच ती म्हणते. पण जाग आली तेव्हा अंगात कुठे काय होतं? दात आवळलेले होते. दात आवळून माणसाला वाईट वाटत नाही. तिला राग आला होता.

मग एकेक वस्तू. युक्ती साधी आहे: ऐकणाऱ्यानं ही वस्तू जन्मात पाहिलेली नाही असं धरून तिचं वर्णन करायचं. ताट म्हणजे काय? ‘स्टीलचं, आईच्या लग्नातलं, मागं तिचं माहेरचं नाव कोरलेलं. अण्णा आल्याशिवाय आई जेवायची नाही. त्यांना यायला तीन वाजायचे, तरी नाही.’ पाणी मोजणं? ‘मार्चपासून रोज मोजायचे. दिवसात किती उतरलं ते वहीत मांडायचे. आमच्याशी फार बोलायचे नाहीत, पण पाण्याचा आकडा आल्यागेल्याला सांगायचे.’ आणि मोजणारा माणूस? इथे ती थांबते. मोजणारी तर तीच आहे, कचेरीत आणि घरातही. कुणी कुणासाठी किती केलं, याचा मनातल्या मनात ताळा मांडणारी.

युंगच्या परंपरेत स्वप्नातलं माणूस दोन प्रकारे पाहतात. अण्णा म्हणजे खरे अण्णा, ज्यांच्यासाठी आई ताट घेऊन ताटकळली. आणि अण्णा म्हणजे तिच्याच आतला एक भाग, जो म्हणतो, अजून मोजून व्हायचंय, रडायला नंतर बघू. दोन्हींपैकी एक निवडायचं नसतं. ज्याच्यापाशी श्वास अडकतो, तिथे जास्त वेळ बसायचं.

यानंतर डोळे मिटून पुन्हा त्या परसात जाता येतं. ‘जागा नाही म्हणता, तर कुठे कुठे पाहिलंत?’ एवढंच थेरपिस्ट विचारतो. ती पाहते. विहिरीशेजारी धुण्याचा दगड आहे. मग ताट ठेवाल का? ती ठेवेल किंवा ठेवणार नाही. इथे बांध फुटून रडू येतं असं सिनेमात होतं. खऱ्या खोलीत पुष्कळदा ‘आता पुरे’ एवढंच येतं, आणि तेही चांगलंच आहे. तिला कळलेली गोष्ट मात्र मोठी आहे: दुःखाच्या वाटेवर राग आडवा बसला होता, आणि मेलेल्या वडिलांवर रागवायचं नसतं म्हणून तिनं दोन्ही एकाच फडताळात कोंबलं होतं.

हे घरी एकट्यानं करताना चार प्रश्न पुरतात. भावना कोणती, आणि आयुष्यात ती शेवटची कधी आली होती? या वस्तूचं किंवा माणसाचं वर्णन मी तीन विशेषणांत कसं करीन? स्वप्नात सर्वांत विचित्र काय होतं? कुठल्या ठिकाणी मला पुढे बघावंसं वाटत नाही? चौथ्याचं उत्तर मिळालं की त्या दिवसापुरतं थांबा. एका बैठकीला वीस मिनिटं पुष्कळ झाली.

‘विहीर होऊन बोला, ताट होऊन बोला’ असाही एक प्रकार आहे, फ्रित्झ पर्ल्सच्या गेस्टाल्ट थेरपीतला. काहींना तो जादूसारखा लागू पडतो, काहींना हसू फुटतं. हसू फुटलं तर सोडून द्या.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या क्लारा हिल यांनी स्वप्नावरच्या कामाचे तीन टप्पे मांडले: शोध, उमज आणि कृती. कृतीचा टप्पा आपल्याकडे अनेकदा वगळला जातो. आपल्या उदाहरणातल्या बाईसाठी कृती लहानच असेल. नवऱ्याची वाट न पाहता भूक लागेल तेव्हा जेवणं, किंवा गावी भावाला फोन करून अण्णांची ती पाण्याची वही अजून आहे का, एवढं विचारणं.

पायरी चौथी: मालिका

एकट्या स्वप्नावर फार विसंबू नये. महिन्या-दोन महिन्यांची शीर्षकं एका कागदावर उतरवली की काय परत परत येतंय ते दिसतं. सुटलेली गाडी, अपुरी परीक्षा, सापडत नसलेला संडास (हे सर्रास पडणारं स्वप्न आहे, लाजू नका). परत येणाऱ्या चित्रात काय बदलतंय त्याकडे लक्ष द्या. परीक्षेचं स्वप्न पूर्वी पेपर कोरा राहून संपायचं आणि आता उशिरा का होईना वर्गात शिरता येतंय, तर हा बदल नोंदवण्याजोगा आहे. अनेकदा जागेपणीच्या बदलाच्या थोडं आधी तो स्वप्नात येतो.

गेलेली माणसं स्वप्नात येणं हे दुःखातलं नेहमीचंच आहे. पितृपक्षात अशी स्वप्नं सांगितली जातात तेव्हा लगेच ‘काय मागत होती?’ असं विचारलं जातं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी काय द्यायचं ते द्यावं, थेरपी त्याच्या आड येत नाही. फक्त ती कशी दिसत होती, किती वयाची होती, तुमच्याकडे पाहत होती का, हेही विचारून ठेवावं.

पायरी पाचवी: दुसऱ्याला सांगणं

लिहिण्यापेक्षा सांगण्यानं जास्त उलगडतं. पण ऐकणारा चुकीचा असला तर स्वप्न हातातून जातं. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ माँटेग्यू उल्मन यांनी गटात स्वप्न ऐकण्याची एक रीत बसवली होती. तिचा कणा असलेला नियम घरीही वापरता येतो: ऐकणाऱ्यानं ‘तुझ्या स्वप्नाचा अर्थ असा’ म्हणायचं नाही, ‘हे स्वप्न मला पडलं असतं तर मला असं वाटलं असतं’ म्हणायचं. ज्याचं स्वप्न तो सगळं ऐकतो, हवं ते घेतो, बाकीचं सोडतो, आणि कुठल्याही क्षणी थांबवू शकतो. मैत्रिणीसोबत हे जमतं. नवरा-बायकोत जपून, विशेषतः स्वप्नात तिसरं कुणी असेल तर.

वाईट स्वप्नांसाठी वेगळी रीत

आठवड्यातून दोन-तीनदा तेच भयंकर स्वप्न पडत असेल, झोपायचीच भीती वाटत असेल, तर अर्थ शोधत बसण्यापेक्षा ते स्वप्न बदलण्याचा सराव जास्त कामाचा. जागेपणी स्वप्न थोडक्यात लिहायचं, मग त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा. शेवटच बदलायला हवा असं नाही, भिंतीचा रंग बदलला तरी चालतो. हे नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून बघायचं. जुनं उगाळायचं नाही. अमेरिकेत बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीनं दुःस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली.

सुरुवात सर्वांत भयानक स्वप्नापासून करू नका, मधल्या पातळीचं निवडा. आणि स्वप्नात खरोखर घडलेला अत्याचार, अपघात किंवा दंगल जशीच्या तशी येत असेल, तर हे एकट्यानं करू नका. तिथे आघातावर काम करणारा तज्ज्ञ सोबत हवा.

थेरपिस्ट शोधताना

आपल्याकडच्या पाट्या गोंधळात टाकतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागायला संकोचू नका. समुपदेशकाची पाटी लावायला मात्र आजही फारशी आडकाठी नाही, त्यामुळे शिक्षण विचारणं तुमच्यावर येतं. स्वप्नांवर आणि नेणिवेवर काम करण्यासाठी पदवीपुढचं वेगळं प्रशिक्षण लागतं. मुंबईत सायकोअ‍ॅनालिटिक थेरपी अँड रिसर्च सेंटर ही या परंपरेतली संस्था आहे. गाव लांब असेल किंवा सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशनाची हेल्पलाइन पहिलं दार म्हणून चांगली.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न: तुमचं प्रशिक्षण कुठे झालं? तुम्ही स्वतः थेरपी घेतली आहे का? (या परंपरेत हे अपेक्षित असतं आणि चांगला थेरपिस्ट त्यावर चिडत नाही.) तुमच्या कामावर कुणा ज्येष्ठाची देखरेख असते का? सेशन किती मिनिटांचं, फी किती, कमी करता येते का, आणि ऐनवेळी रद्द केलं तर काय? बहुधा आठवड्यातून एकदा, ४५ ते ५० मिनिटं, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, असं असतं. ही शिस्त जाचक वाटते, पण तिच्यामुळेच बोलणं खोल जातं.

पत्रिका मागणारा, पूर्वजन्मात नेणारा, पहिल्याच भेटीत तुमच्या स्वप्नाचा छातीठोक अर्थ सांगणारा, किंवा ‘औषधं बंद करा, मी बघतो’ म्हणणारा असेल, तर परत जाऊ नका.

भाषेचं काय? माझं स्पष्ट मत आहे की स्वप्न ज्या भाषेत पडतं ती थेरपिस्टला कळावी. ‘अहो’ आणि ‘अरे’ यांतलं अंतर समजावून सांगण्यातच सेशन जायला नको. परदेशातल्या मराठी माणसांना आता ऑनलाइन मराठी थेरपिस्ट मिळू शकतात. मात्र तिथल्या कायद्यानुसार ते चालतं का, आणि अडीनडीला जवळचा डॉक्टर कोण, हे आधीच ठरवून घ्या. घरात एकांत नसेल तर पार्किंगमधल्या गाडीत बसूनही सेशन होतं.

गुप्ततेची भीती असते, विशेषतः लहान शहरांत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यासारखे थोडे अपवाद आहेत, ते पहिल्याच भेटीत समजून घ्या.

खोलीत शिरल्यावर

वही घेऊन गेलात तरी दहा स्वप्नं वाचून दाखवू नका. एकच निवडा, आणि ते वहीत न बघता सांगा. वहीत होतं आणि सांगताना गळलं, किंवा सांगताना नवीनच आलं, यातही काही सापडतं. स्वप्न नसेल त्या दिवशी इतर बोलायचं. थेरपिस्टला खूश करायला स्वप्नं आणणारी माणसंही असतात, आणि तसं होतंय असं वाटलं तर तेच बोलायचं.

पुढेमागे थेरपिस्ट स्वप्नात येतो. शाळेतल्या कडक बाई होऊन, उशीर करणारा रिक्षावाला होऊन, कधी प्रेमिक होऊन. हे सांगायला जीभ अडखळते, आणि म्हणूनच ते सांगणं सर्वांत उपयोगाचं. आईवडिलांशी, भावंडांशी जे राहून गेलं ते या नात्यात पुन्हा उभं राहतं. पूर्वी ज्यावर बोलायची सोय नव्हती, त्यावर इथे बोलता येतं. त्याच वेळी लक्षात ठेवा की थेरपिस्टनं खोलीबाहेर मैत्री, व्यवहार किंवा शारीरिक जवळीक सुरू केली तर तो मर्यादा ओलांडतोय आणि तुम्ही निघून यायचं.

फरक कधी पडतो? स्वप्नांत दडलेला अर्थ असतोच हे विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही. १९७७ मध्ये अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी तर मेंदूच्या तळातून उठणाऱ्या विस्कळीत संकेतांना मेंदू गोष्टीचं रूप देतो, असं मांडलं. असेलही. पण गोष्ट रचताना तो सामान तुमच्याच घरातलं वापरतो, आणि थेरपीला तेवढं पुरतं. खोलात जाणाऱ्या थेरपीचा पुरावा मात्र आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये, इतर उपचारांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या १२९ जणांवर अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत आठवड्यातून एकदा, दीड वर्ष अशी थेरपी दिली. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, उपचार संपताना दोन गटांत फारसा फरक नव्हता. तो त्यानंतरच्या दोन वर्षांत दिसू लागला, थेरपी मिळालेल्यांच्या बाजूनं. पूर्ण बरे झालेले तिथेही थोडेच होते. तेव्हा तीन महिन्यांत ‘काही होत नाहीये’ असं वाटलं तर ते थेरपिस्टला सांगा आणि आणखी थोडं थांबा. वर्षभरात काहीच हललं नसेल तर दुसऱ्याचं मत घ्या.

सोडायचं ठरलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकून सोडू नका. महिनाभर आधी खोलीत बोलून दाखवा. निरोपाच्या आठवड्यांत स्वप्नं पुन्हा गर्दी करतात, जुनी घरं आणि स्टेशनं परत येतात. शेवटची चार सेशनं त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. फी त्यांचीही पूर्णच पडते.